प्रश्न वाचकांचे : वेल आधी सावध करायची की रोग आल्यावर?

या अंकासाठी आलेली बरीचशी पत्रं झाडांच्या ‘प्रतिकारशक्ती’बद्दल आहेत. हा शब्द हल्ली कृषी सेवा केंद्रातल्या निम्म्या बाटल्यांवर छापलेला असतो, त्यामुळे त्यामागे नेमकं काय घडतं ते जरा सविस्तर सांगतो. शेवटचं पत्र शेतीबाहेरचं आहे, पण विषय तोच.

प्रश्न : ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की आमच्याकडे डाऊनी (केवडा रोग) ठरलेली. गेल्या हंगामात सॅलिसिलिक ॲसिडची पावडर आणली. पानावर तेलकट डाग दिसताच ६०० लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम घेऊन ब्लोअरने फवारली. डाऊनी थांबली नाही, उलट कोवळ्या पानांच्या कडा करपल्या. नोझलही दोनदा तुंबले. चुकलं कुठे?
— द्राक्ष बागायतदार, दिंडोरी

उत्तर : तीन ठिकाणी चुकलं. वेळ, मात्रा आणि विरघळवण्याची पद्धत.

आधी वेळेचं बघू. डाऊनीचे बीजाणू ओल्या पानावर अक्षरशः पोहतात. पोहत पोहत ते पानाच्या खालच्या बाजूच्या रंध्रांशी येऊन चिकटतात आणि काही तासांत आत नळी घालतात. तुम्हाला तेलकट डाग दिसतो तो त्यानंतर साधारण आठवड्याने. म्हणजे डाग दिसला त्या दिवशी रोग आत राहून जुना झालेला असतो.

वेलीची बाजू अशी. रोगकारकाच्या भिंतीचे तुकडे पेशीला ओळखू येतात. ओळख पटली की काही मिनिटांत पेशीत कॅल्शियम शिरतं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. काही तासांनी रेसव्हेरॅट्रॉल आणि त्याच्या जातकुळीतली रोगाला मारक द्रव्यं तयार होऊ लागतात. लागण झालेल्या जागेभोवतालच्या पेशी स्वतःहून मरतात, म्हणजे रोगाला पुढे अन्न मिळत नाही. त्या जागी सॅलिसिलिक ॲसिड वाढतं आणि दोन-चार दिवसांत लांबच्या, निरोगी पानांतही संरक्षणाची तयारी सुरू होते. लांबच्या पानांचं हे सावध होणं फ्रँक रॉस यांनी १९६१ मध्ये तंबाखूच्या झाडावर दाखवलं. १९७९ मध्ये रेमंड व्हाइट यांनी तंबाखूच्या पानांत ॲस्पिरिन, म्हणजे सॅलिसिलिक ॲसिडचंच भावंड, टोचलं, तेव्हा विषाणूचे डाग कमी पडले. तुमच्या पावडरीचा धंदा त्या प्रयोगांपासून निघाला.

पण युरोपीय द्राक्षाला, म्हणजे आपल्या थॉमसन सीडलेसच्या कुळाला, डाऊनीची ओळख उशिरा पटते. हा रोग मूळचा उत्तर अमेरिकेतला, फ्रान्समध्ये तो १८७८ मध्ये पोचला. अमेरिकेतल्या रानवेलींनी त्याच्यासोबत हजारो वर्षं काढली, आपल्या वेलींनी दीडशेही नाहीत. आणि डॉगरिज या अमेरिकी रानवेलीच्या खुंटावर कलम आहे म्हणून पान वाचेल, असंही समजू नका. खुंटाचा काटकपणा मुळाशीच राहतो, पान थॉमसनचंच असतं.

म्हणून सॅलिसिलिक ॲसिड द्यायचं ते लागणीच्या आधी. तयारी व्हायला दोन-तीन दिवस लागतात. छाटणीनंतर ३ ते ५ पानांच्या अवस्थेत, पावसाचा अंदाज असेल त्याच्या किमान दोन दिवस आधी पहिली फवारणी घ्यावी. पुढची ८ ते १० दिवसांनी, कारण मधल्या काळात उमललेल्या पानांना पहिल्या फवारणीचा थेंबही लागलेला नसतो. डाग दिसल्यानंतर या पावडरीचं काम संपलं. तिथे लेबलवर डाऊनीसाठी शिफारस असलेलं आंतरप्रवाही, म्हणजे पानाच्या आत शिरणारं, बुरशीनाशकच हवं, आणि ते काढणीपूर्वीचे दिवस मोजून.

आता मात्रा. ६०० लिटरला २५० ग्रॅम म्हणजे लिटरला ४१७ मिलिग्रॅम. पोंग्यातून नुकत्या निघालेल्या पानाला हे फार झालं. थेंब पानाच्या कडेला ओघळून साचतो, पाणी उडतं, आम्ल तिथेच घट्ट होतं. कडाच करपल्या आणि मधला भाग वाचला तो म्हणूनच. लिटरला ५० ते १०० मिलिग्रॅममध्ये राहा. ६०० लिटरला ३० ते ६० ग्रॅम. दुकानातल्या चमच्याने मापू नका, सोनाराचा छोटा काटा घ्या.

नोझल तुंबले त्याचं उत्तर रसायनात आहे. सॅलिसिलिक ॲसिड साध्या पाण्यात लिटरला जेमतेम २ ग्रॅम विरघळतं, तेही सावकाश. बहुतेक जण पावडर आधी बादलीत कालवतात. २५० ग्रॅम २० लिटरच्या बादलीत विरघळणं शक्यच नाही, आणि ६० ग्रॅमसुद्धा नाही. अल्कोहोलमध्ये विरघळवून बादलीत ओतलं तरी पांढऱ्या सुयांसारखे खडे पुन्हा तळाशी बसतात आणि तेच गाळणीत अडकतात. टाकीत अर्धं, म्हणजे ३०० लिटर पाणी भरा. ढवळणी सुरू करा. ६० ग्रॅम पावडर ३०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पूर्ण पारदर्शक होईपर्यंत हलवा आणि बारीक धारेने थेट टाकीत सोडा, बादलीत नको. मग उरलेलं पाणी भरा. अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे ते चालू इंजिनापासून लांब कालवा, जवळ बिडी-सिगारेट नको. पावडर डोळ्यांत आणि नाकात झोंबते, चष्मा आणि मास्क घाला.

पाणी कुठलं आहे यावरही फरक पडतो. बोअरच्या कठीण पाण्यात आम्ल बरंचसं मारलं जातं. शेततळ्यातलं पावसाचं मऊ पाणी असेल तर द्रावणाचा सामू (pH) ४ च्या खालीही जाऊ शकतो, आणि त्यानेही पान भाजतं. सामूपट्टी बुडवून बघा, ५ ते ६.५ असेल तरच टाकी शेतात न्या. टाकीत जांभळट छटा आली तर त्यात लोह आहे असं समजा. सॅलिसिलिक ॲसिड आणि लोह एकत्र आले की हा रंग हमखास दिसतो, म्हणून लोहयुक्त सूक्ष्म अन्नद्रव्यांत हे मिसळू नका. ताम्रयुक्त औषधांतही नको.

आधी दहा वेलींवर फवारा, ७२ तास थांबा, कडा नीट असतील तरच पुढे जा. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. वेल उपाशी, पाण्यावाचून किंवा फार जोमात असताना नको. संरक्षणाची तयारी फुकट होत नसते. त्यासाठी लागणारं अन्न वेल वाढीतून काढते, आणि वारंवार फवारल्यास फुटी आखूड राहतात. ‘दर चार दिवसांनी घ्या’ असं कोणी सांगत असेल तर त्याला पावडर खपवायची आहे.

पोटॅशियम फॉस्फोनेटची गल्लत याच्याशी करू नका. ते डाऊनीच्या गटातल्या रोगकारकांना थेटही रोखतं आणि वेलीलाही सावध करतं, शिवाय वर आणि खाली दोन्हीकडे वाहतं. भुरीवर, म्हणजे पानावर पांढरी भुकटी पाडणाऱ्या रोगावर, त्याचा भरवसा धरू नये. ते वेलीत बराच काळ टिकून राहतं, त्यामुळे माल निर्यातीचा असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू वर्षाची यादी आणि तुमच्या निर्यातदाराचे नियम फवारणीआधी बघा, नंतर नव्हे.

प्रश्न : ट्रायकोडर्मा मुळाशी दिल्याने पानावरचा रोग कमी होतो असं ऐकलं. मुळाचं पानाला कसं कळतं?
— शेतकरी, सिन्नर

उत्तर : काही प्रमाणात होतो. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी. तो मुळाच्या बाहेरच्या थरात वस्ती करतो. झाडाला तो पाहुणाही वाटतो आणि थोडा चोरही, त्यामुळे ते किंचित सावध राहतं. हा सावधपणा मुख्यतः जास्मोनिक ॲसिड या झाडातल्याच निरोप्या द्रव्याच्या वाटेने पानापर्यंत जातो. परिणाम सौम्य असतो, आणि मुळावर वस्ती झाली तरच. १ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो ओलसर, पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळून आठवडाभर सावलीत गोणपाटाखाली ठेवा, मग मुळांच्या कक्षेत द्या. गरम, अर्धकच्च्या खतात तो मरतो. ठिबकमधून बुरशीनाशक सोडल्यावर लगेच ट्रायकोडर्मा देणं म्हणजे पेरून नांगरण्यासारखं आहे.

प्रश्न : टोमॅटोला करप्यासाठी सॅलिसिलिक ॲसिड दिलं. करपा कमी वाटला, पण फळ पोखरणारी अळी शेजारच्या वावरापेक्षा जास्त दिसली. हा योगायोग की संबंध आहे?
— शेतकरी, पिंपळगाव बसवंत परिसर

उत्तर : संबंध असू शकतो, आणि तुमच्या निरीक्षणाचं कौतुक वाटलं.

झाडाचे शत्रू ढोबळमानाने दोन तऱ्हेचे. एक, जिवंत पेशीतून अन्न शोषणारे रोग, उदाहरणार्थ भुरी, डाऊनी. दुसरे, चावणारे आणि कुरतडणारे. पहिल्यांसाठी सॅलिसिलिक ॲसिडची वाट, दुसऱ्यांसाठी जास्मोनिक ॲसिडची. या दोन वाटा बऱ्याचदा एकमेकींना दाबतात. एक जोरात उघडली की दुसरी अर्धवट बंद होते.

दुसऱ्या वाटेचा पहिला मोठा पुरावा टोमॅटो आणि बटाट्यावरच मिळाला. ग्रीन आणि रायन यांनी १९७२ मध्ये दाखवलं की किड्याने एक पान कुरतडलं की न कुरतडलेल्या पानांतही एक प्रथिन साचू लागतं. हे प्रथिन अळीच्या पोटातल्या पाचकरसाला निकामी करतं. अळी खाते, पण अंगी लागत नाही. मरत नाही, तिची वाढ मंदावते. हा निरोप देणाऱ्यांपैकी एक सिस्टेमिन नावाचा रेणू १९९१ मध्ये टोमॅटोच्या पानांतून वेगळा केला गेला. तो अवघ्या १८ अमिनो आम्लांचा आहे.

निरोप किती वेगाने जातो ते २०१८ मध्ये कॅमेऱ्यात दिसलं. मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात, जिथे कॅल्शियम वाढेल तो भाग चमकेल अशी सोय केलेली होती. अळीने देठाशी चावा घेताच फुटलेल्या पेशीतून ग्लुटामेट सांडलं आणि चमक सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर वेगाने शिरांतून सरकत गेली. दोन-एक मिनिटांत ती लांबच्या पानात पोचली होती. मज्जातंतू नसलेल्या जिवासाठी हा वेग कमी नाही.

आता तुमच्या वावराचं. सॅलिसिलिक ॲसिड बाहेरून दिल्याने अळीविरुद्धची वाट दबली, ही शक्यता आहे. पण शेजारी फवारणी वेगळी झाली असेल, लागवड आठ दिवस मागेपुढे असेल, पतंगांची संख्या वेगळी असेल. पुढच्या वेळी स्वतःच्याच प्लॉटमध्ये दोन सरी कोऱ्या ठेवा आणि दर चौथ्या दिवशी दोन्हीकडच्या २०-२० झाडांवरची अळी आणि पोखरलेली फळं मोजा. शेजाऱ्याच्या वावराशी केलेली तुलना गप्पांपुरती बरी.

मधल्या काळात एवढं पाळा. सॅलिसिलिक ॲसिड रोपवाटिकेत आणि लागवडीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, रोगाच्या काळात वापरा. फुलं लागून अळीची अंडी दिसू लागली की बंद करा. टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ हवी, झेंडूचं रोप ४० दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं असताना एकाच वेळी लावलेलं, म्हणजे दोन्हींचा फुलोरा जुळतो आणि पतंग अंडी झेंडूवर घालतो. वयाचा हा फरक न पाळता दोन्ही एकाच दिवशी पेरले की झेंडू नुसता शोभेला उरतो. एचएएनपीव्ही, म्हणजे याच अळीला रोग लावणारा विषाणू, अळी लहान असतानाच, सायंकाळी फवारावा. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो निकामी होतो, आणि बोटाएवढी झालेली अळी त्याला दाद देत नाही.

जाता जाता, तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय की एक झाड दुसऱ्याला इशारा देतं हे खरं का. १९९० मध्ये फार्मर आणि रायन यांनी बंद भांड्यात टोमॅटोशेजारी सेजब्रश नावाच्या झुडपाच्या फांद्या ठेवल्या. त्यातून निघणाऱ्या मिथाइल जास्मोनेटच्या वासाने टोमॅटोत तेच प्रथिन तयार झालं. मात्र ते बंद भांडं होतं. उघड्या वावरात वाऱ्यावर किती पोचतं हा वेगळा हिशोब, त्यावर फवारणीचं वेळापत्रक बेतू नये.

प्रश्न : कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येतं, ते फ्रिजमध्ये ठेवलेल्या कांद्याने कमी का येतं? आणि साठवणीच्या चाळीत पांढरा कांदा उन्हाळ कांद्याच्या आधी का सडतो?
— गृहिणी, लासलगाव

उत्तर : दोन्ही गोष्टी कांद्याच्या संरक्षणाच्याच, पण पद्धती दोन.

अखंड कांदा नाकाला लावला तर फारसा वास येत नाही. पेशीत एका कप्प्यात गंधकयुक्त द्रव्य असतं आणि दुसऱ्या कप्प्यात ॲलिनेज हे विकर. सुरीने किंवा किड्याच्या दाताने पेशी फुटली की दोन्ही एकत्र येतात. त्यातून बनलेल्या द्रव्यावर दुसरं एक विकर काम करतं आणि डोळ्यांना झोंबणारा वायू बनतो. हे दुसरं विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये ओळखलं. सगळा खेळ काही सेकंदांचा, कारण कच्चा माल आधीच तयार असतो, फक्त मधली भिंत पडायची बाकी असते.

विकर थंडीत मंदावतं. चिरण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेला कांदा म्हणून कमी रडवतो. त्याहून जास्त फरक धारदार सुरीने पडतो. बोथट सुरी पेशी कापत नाही, चिरडते. मुळाकडची चकती शेवटी कापा, तिथे झोंबणारा माल जास्त असतो. अख्खा कांदा चुलीत भाजला की विकरच मरतं, तो नंतर ठेचला तरी डोळे कोरडे.

चाळीचं कोडं १९२० च्या दशकात अमेरिकेत सुटलं. रंगीत (तुमच्या उन्हाळ कांद्यासारख्या) कांद्याच्या वाळलेल्या बाहेरच्या पापुद्र्यात कॅटेकॉल आणि प्रोटोकॅटेच्युइक आम्ल अशी दोन द्रव्यं असतात. पापुद्र्यावर ओल आली की ती पाण्यात उतरतात आणि काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीचे बीजाणू तिथेच रुजेनासे होतात. पांढऱ्या कांद्याच्या पापुद्र्यात ती जवळपास नसतात. गंमत अशी की रंगीत कांद्याचा वाळका पापुद्रा काढून टाकला तर आतला मांसल भाग पांढऱ्याइतकाच उघडा पडतो.

म्हणून प्रतवारी करताना कांदा चकचकीत दिसावा म्हणून पापुद्रे सोलू नका. काढणीनंतर ३ ते ५ दिवस शेतात असा सुकवा की एका ओळीची पात दुसरीच्या कांद्यांवर येईल, उघड्या उन्हात कांदा भाजतो. दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापा, मग आठ-दहा दिवस सावलीत. मान अगदी बुडाशी कापली तर बुरशीला आत जायला रस्ता मिळतो.

रंग म्हणजेच टिकाऊपणा, असं मात्र नाही. खरिपाचा लाल कांदा रंगाने गडद, पण त्याची मान जाड, अंगात पाणी जास्त आणि कोंब लवकर येतो. तो चाळीत टाकायचा माल नव्हेच. आणि काजळी, म्हणजे पापुद्र्याखालची काळी भुकटी, रंगीत कांद्यालाही सोडत नाही. तिच्यासाठी हवा खेळती ठेवणं हाच उपाय.

प्रश्न : अंजनेरीच्या बाजूला मुलांची सहल न्यायची आहे. कड्यावर आग्या मोहोळ दिसतात. एक माशी चावली की सगळ्या का येतात आणि काय करावं?
— शिक्षक, नाशिक

उत्तर : आग्या माशीचं पोळं उघड्यावर लटकतं, त्यामुळे तिची राखण कडक. पोळ्यावरच्या माश्या पोटाचा भाग एकामागोमाग उचलतात आणि पृष्ठभागावर लाट सरकल्यासारखी दिसते. ही लाट मुख्यतः गांधीलमाश्यांना हाकलण्यासाठी असते, पण तुमच्यासाठीही ती पहिली सूचना. तिथून मुलांना शांतपणे मागे फिरवा.

डंख मारताना नांगी कातडीत अडकून माशीच्या शरीरातून तुटते. तिच्यासोबत धोक्याचा वास सुटतो. त्यातला मुख्य घटक आयसोपेंटाइल ॲसिटेट, पिकल्या केळ्यासारखा वास असलेला. आग्या माशीच्या वासात आणखी एक जड द्रव्य असतं, ते जास्त वेळ टिकतं. डंख लागलेल्या माणसावर त्या जागेची खूण पडते आणि पुढच्या माश्या तिथेच येतात. माशी अंगावर चिरडली तरी हाच वास सुटतो.

पोळ्याखाली आरडाओरड, दगड, फटाके, धूर नको. अत्तर आणि सेंट घरी ठेवायला सांगा. माश्या उठल्या तर हात न हलवता तोंड, नाक, डोळे कापडाने झाका आणि बंद जागेकडे, गाडीकडे, नाहीतर दाट झुडपात सरळ पळा. आग्या माश्या काहीशे मीटर पाठलाग करतात, म्हणून पन्नास पावलांवर थांबून मागे बघू नका. पाण्यात उडी मारणं चुकीचं, त्या वर घिरट्या घालत थांबतात आणि डोकं बाहेर येताच डसतात.

सुरक्षित जागी पोचल्यावर नांगी ताबडतोब काढा, नखाने खरवडून किंवा चिमटीत धरून, जे आधी जमेल तसं. विषाची पिशवी तुटल्यावरही विष ढकलत राहते, त्यामुळे पद्धतीपेक्षा सेकंद महत्त्वाचे. मग साबण-पाणी आणि थंड पट्टी. चुना, हळद, लोखंड घासण्यात वेळ जातो. चेहरा किंवा जीभ सुजणं, अंगभर गांध्या, श्वास लागणं, चक्कर, उलटी यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. अशा मुलाला आडवं झोपवून पाय उंच ठेवा, मात्र श्वास लागत असेल तर बसतं ठेवा, आणि चालवत खाली आणू नका. वीस-पंचवीस डंख झालेलं मूल वरून ठीक दिसत असलं तरी त्याला दवाखान्यात न्या, कारण जास्त विषाचा परिणाम मूत्रपिंडावर उशिरा दिसू शकतो. ज्या मुलाला आधी माशीच्या डंखाने असा त्रास झालेला आहे त्याच्या पालकांकडून सहलीआधीच लेखी माहिती घ्या.